मतदारसंघ पुनर्रचना : आठ जागांचे सातारा-सांगलीतील गणित

फलटण आणि माण सातारा जिल्ह्यात आहेत; पण २००९ च्या लोकसभा निवडणुकीपासून तेथील मतदार माढा मतदारसंघात गेले. सांगली जिल्ह्यातील इस्लामपूर आणि शिराळा त्याच वेळी हातकणंगले मतदारसंघाला जोडले गेले. कऱ्हाड हा लोकसभा मतदारसंघ तर नकाशावरूनच पुसला गेला. या फेरबदलांचे मूळ कायद्याने ठरवून दिलेल्या गणितात आहे.

राज्यातील मतदारसंघांची लोकसंख्या शक्यतोवर सारखी असावी, हे घटनेच्या १७० व्या कलमाचे सूत्र आहे. लोकसंख्येत तफावत पडली की मताचे मोलही बदलते. २००२ च्या परिसीमन कायद्यानुसार न्या. कुलदीप सिंग यांच्या आयोगाने २००१ ची जनगणना आधारभूत मानली. राज्याची लोकसंख्या सुमारे ९ कोटी ६९ लाख आणि विधानसभेच्या जागा २८८. म्हणजे एका जागेमागे सरासरी ३ लाख ३६ हजार लोक. साताऱ्याची लोकसंख्या २८ लाख ९ हजार, तर सांगलीची २५ लाख ८४ हजार. सरासरीने भागल्यास साताऱ्याच्या वाट्याला ८.३५, तर सांगलीच्या वाट्याला ७.६८ जागा येतात. साहजिकच साताऱ्याच्या दहा आणि सांगलीच्या नऊ जागा प्रत्येकी आठवर आल्या. जावळी आणि खटाव हे मतदारसंघ इतिहासजमा झाले.

राज्यात लोकसभेच्या ४८ जागा असल्याने एका जागेत सहा विधानसभा मतदारसंघ येतात, आणि विधानसभा मतदारसंघ दोन लोकसभा मतदारसंघांत विभागता येत नाही. आठांतून सहा वजा जाता दोन्ही जिल्ह्यांत दोन-दोन उरले. ते शेजाऱ्यांकडे गेले.

भौगोलिक सलगता, प्रशासकीय सीमा, दळणवळण आणि लोकांची सोय यांचा विचारही कायद्याने बंधनकारक केला आहे. अनुसूचित जातींसाठीच्या जागा राज्याच्या विविध भागांत, पण शक्यतो त्यांचे प्रमाण अधिक असेल तेथे द्याव्या लागतात. त्यानुसार माण आणि जत खुले झाले. फलटण आणि मिरज राखीव झाले.

प्रारूपावर हरकती मागवून जाहीर सुनावणी घेणे आयोगावर बंधनकारक होते. आयोगाचे सहयोगी सदस्य असलेल्या खासदार-आमदारांना मताचा अधिकार नव्हता. अंतिम आदेशाला ३२९ व्या कलमाचे संरक्षण असते. आदेश उघडपणे मनमानी असेल तरच न्यायालय तो तपासू शकते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये स्पष्ट केले. त्यामुळे तालुका तुटण्याची तक्रार असणाऱ्याने निवडणुकीपर्यंत थांबून उपयोग नाही. हरकतींची मुदत हीच त्याची खरी संधी असते.