कारखान्याला निघण्याआधीचा केसपेपर

चौसाळा परिसरात आरोग्य केंद्राचे वर्ष दोन भागांत पडते: माणसे गावात असतानाचे आणि साखर कारखान्याला गेल्यानंतरचे. बीडच्या दक्षिणेला, धुळे-सोलापूर महामार्गावरचे हे मोठे गाव. भोवतालची बालाघाटची जमीन हलकी, पाऊस बेभरवशाचा. त्यामुळे दसरा-दिवाळी झाली की ऊसतोडीच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्राकडे, कर्नाटकाकडे निघतात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. सपाटीच्या भागात ३० हजार लोकसंख्येला एक प्राथमिक आरोग्य केंद्र, ५ हजारांना एक उपकेंद्र, हजारामागे एक आशा कार्यकर्ती, असा सरकारी हिशेब आहे. लोक वर्षभर एकाच जागी राहतात, हे त्यात गृहीत धरलेले आहे.

पाचव्या महिन्यातली गरोदर बाई टोळीबरोबर निघणार, हे सर्वांत आधी आशाताईला कळते. उचल (आगाऊ रक्कम) कुणी घेतली, टोळीचा मुकादम कोण, हे गावात लपत नाही. ती बाईला तपासणीला घेऊन येते. आरोग्यसेविका वजन आणि रक्तदाब पाहून माता व बाल संरक्षण कार्डावर नोंद करते, रक्ताची तपासणी होते. गरोदरपणात हिमोग्लोबिन ११ ग्रॅमच्या खाली म्हणजे रक्तक्षय, ७ च्या खाली म्हणजे तीव्र रक्तक्षय.

समजा, आकडा ८ आला. पुस्तकातले उत्तर सोपे: रोज लोहाच्या दोन गोळ्या, महिन्याने पुन्हा तपासणी आणि विश्रांती. पण महिन्याने ही बाई उसाच्या फडात असणार आणि तिथे विश्रांती म्हणजे खाडा. नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो. एकाने काम सोडले की दोघांचा दिवस बुडतो, वर खाड्याचे पैसे कापले जातात. ‘आराम करा’ एवढे केसपेपरवर लिहून भागत नाही. जाण्याआधीच्या दिवसांत शिरेतून लोह देता येईल का, सासू गावीच राहणार असेल तर बाईलाही मागे ठेवता येईल का, नसेल तर कोणता कारखाना आणि त्याच्या जवळचे आरोग्य केंद्र कोणते, हे विचारावे लागते. यातल्या बहुतेक प्रश्नांची उत्तरे डॉक्टरकडे नसतात, आशाकडे असतात. तिची माहिती डॉक्टरच्या टेबलापर्यंत पोचली नाही, तर उपचार कागदावर अचूक, पण बाईला उपयोग शून्य. गोळ्या देणाऱ्यालाही तिचा दिवस ठाऊक हवा. चहाने लोह अंगी लागत नाही. पहाटे चहा घेऊन फडात उतरणाऱ्या बाईला गोळीची वेळ रात्रीची सांगावी लागते.

गावातली बाईच आरोग्याचा खरा दुवा असते, हे शेजारच्या जामखेडला फार आधी उमगले होते. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये तिथे सुरू केलेल्या प्रकल्पात गावोगावच्या, बऱ्याचशा निरक्षर, बायकांना आरोग्य कार्यकर्त्या म्हणून तयार केले. त्या नियमितपणे जामखेडला जमत, आपापल्या गावातली दुखणी मांडत आणि नवे शिकून परत जात. आरोळे दांपत्याला १९७९ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला; देशात आशा आली ती २००५ च्या राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानातून.

बाईचे म्हणणे वेळेवर ऐकले गेले नाही की काय होते, ते बीड जिल्ह्याने २०१९ मध्ये पाहिले. आमदार नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीपुढे आलेल्या पाहणीत सुमारे ८२ हजार ऊसतोड स्त्रियांपैकी १३ हजारांहून अधिक जणींची गर्भपिशवी काढलेली आढळली. मूळ तक्रार पुष्कळदा साधी असते: अंगावरून पांढरे जाते, पाळीत पोट दुखते. फडावर पाण्याची आणि शौचालयाची सोय नाही, दवाखान्यात जायचे तर खाडा. दुखणे अंगावर काढले जाते. पुढे खासगी दवाखान्यात कॅन्सरची भीती घातली जाते. अशा वेळी प्राथमिक केंद्रात करण्यासारखे बरेच असते: जंतुसंसर्गावर औषधे, गरज पडल्यास नवऱ्यालाही, आणि तिशीनंतर गर्भाशयमुखाची ॲसिटिक ॲसिड लावून तपासणी. पण ही तक्रार बाई भर ओपीडीत डॉक्टरसमोर सांगत नाही. आधी आशाला, मग दार लोटून घेतल्यावर सिस्टरला सांगते. पिशवी काढण्यासाठी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी पुढे सक्तीची झाली, तीही योग्यच. मात्र परवानगीचा कागद बाईचे दुखणे बरे करत नाही.

क्षयरोगाचे गणित आणखी अवघड. नेहमीचा उपचार ६ महिन्यांचा, ऊसतोडीचा हंगामही जवळपास तेवढाच. रुग्णाची नोंद ‘निक्षय’ प्रणालीतून दुसऱ्या जिल्ह्याकडे पाठवता येते. पण टोळी एका फडावरून दुसऱ्या फडावर हलली की त्याला शोधायला मुकादमाचा फोन नंबरच उपयोगी पडतो आणि तो मिळवून ठेवते आशा. साऱ्या साखळीचा भार जिच्यावर आहे, ती मात्र सरकारदरबारी अजूनही स्वयंसेविकाच: मोबदला मिळतो, वेतन नाही.