दहाव्याला विचारलेला प्रश्न

वसईत मेहुण्यांच्या दहाव्याला मी भाच्याला विचारलं होतं, 'आता लग्नाचं काय?' तो काही न बोलता विहिरीकडे निघून गेला. मयताच्या घरी असं विचारायचंच असतं, अशी आपली समजूत!

२०२५च्या सप्टेंबरात रोहन परशुराम कानवडे यांचा 'साबर बोंडं' पाहताना ते आठवलं आणि मी खुर्चीत अवघडलो. वडील गेल्यावर गावच्या सुतकात नातेवाइकांनी रोहननाही असंच भंडावलं होतं. ड्रायव्हरचा हा मुलगा मुंबईच्या झोपडपट्टीत वाढला. शिक्षण इंटिरिअर डिझाइनचं. सिनेमा ते स्वतःच शिकले. आपण समलिंगी आहोत, हे त्यांनी आईवडिलांपासून लपवलं नाही. 'यू फॉर उषा'सारखे लघुपट केल्यावर हा पहिला मोठा चित्रपट. त्यातल्या आनंदला सुतकाच्या दिवसांत बालमित्र बाळ्या पुन्हा भेटतो. पार्श्वसंगीत अजिबात नाही. २०२५च्या जानेवारीत अमेरिकेतल्या सनडान्स महोत्सवात परदेशी कथापटांचं सर्वोच्च पारितोषिक त्याला मिळालं. तिथं पोचलेला हा पहिला मराठी कथापट.

मला मात्र आनंदची आईच आठवत राहते. तिला सगळं ठाऊक आहे, नातेवाइकांना ती परस्पर थोपवते. माझ्या बहिणीनंही त्या दिवशी घाईनं पाण्याचा तांब्या माझ्यापुढे केला होता आणि विषय बदलला होता. तिला मी अजून काही विचारलेलं नाही.