हीला मॉन्स्टर भिंतीवर कसा चढला

ॲरिझोनातल्या टूसान शहरात दाराशेजारी घरनंबराच्या, ओट्यामागच्या भिंतीवरच्या, अंगणातल्या बाकांवरच्या हाताने केलेल्या टाइल्स नजरेत भरतात. त्यांवर तुरा डोलवत पिलांची रांग घेऊन निघालेला लावा असतो, सग्वारो निवडुंगात ढोली कोरणारा सुतारपक्षी असतो, लांब कानांचा ससा असतो. हॅवेलिनाही असतो, दिसतो रानडुकरासारखा, पण त्याचं कूळ वेगळं. ही मंडळी इथल्या टाइल्सवर पहिल्यापासून असणार असं वाटतं. प्रत्यक्षात टाइल इथे आधी रुजली आणि इथला प्राणी तिच्यावर बऱ्याच उशिरा आला.

याला एक अपवाद आहे, आणि तो सगळ्यात जुना. 1880च्या दशकात उत्तर ॲरिझोनातून रेल्वे गेली आणि तिच्यामागून प्रवासी आले. थॉमस कीम हा व्यापारी हॉपी या मूलनिवासी जमातीतल्या कुंभारणींकडून त्यांच्यासाठी छोट्या चौकोनी टाइल्स करवून घेऊ लागला. भलंमोठं मडकं पेटीत घालून नेण्यापेक्षा टाइल नेणं सोपं. त्यांवर झिलई नसे, मातीचाच रंग आणि वर रंगवलेली देवतांची मुखं, पक्षी, भौमितिक आकृत्या. पण हॉपींचा पक्षी पाऊस, पीक आणि विधी यांच्याशी बांधलेला. विकत घेणाऱ्याला मात्र तो निव्वळ प्रवासाची आठवण वाटे.

पुढची लाट आली ती कॅलिफोर्नियातून, आणि तिचं मूळ होतं स्पेनमध्ये. मालिबू पॉटरीज 1926मध्ये सुरू झाली. पुढच्याच वर्षी च्युइंगगमवाले विल्यम रिग्ली यांनी कॅटलिना बेटावर कारखाना काढला. फीनिक्सचं ॲरिझोना बिल्टमोर हे हॉटेल 1929मध्ये उघडलं, लवकरच रिग्लींच्या हाती गेलं आणि तिथला पोहण्याचा तलाव कॅटलिनाच्याच टाइल्सनी सजला. काम देखणं, यात शंका नाही. पण या कारखान्यांच्या नक्षीत राज्य होतं मूरिश ताऱ्यांचं, वेलबुट्टीचं, मोर-पोपटांचं. बाहेर सग्वारो उभे आणि आत अंदालुसियाची बाग! त्याच सुमारास उभ्या राहिलेल्या टूसानच्या पिमा काउंटी न्यायालयाचा रंगीत टाइल्सचा घुमट आजही शहराची ओळख आहे. त्याचाही तोंडवळा स्पॅनिशच. मालिबूचा कारखाना 1932मध्ये आणि कॅटलिनाचा 1937मध्ये बंद पडला.

वाळवंटातल्या प्राण्यांची आठवण त्या दशकात एका बाईंनी ठेवली. मेरी कोल्टर यांनी सांता फे रेल्वेच्या ‘सुपर चीफ’ गाडीसाठी जेवणाची भांडी आखली, ती सुमारे हजार वर्षांपूर्वीच्या मिंब्रेस लोकांच्या वाडग्यांवरचे ससे, पक्षी, मासे घेऊन. टाइल नव्हे, ताटं-वाट्या. पण इथल्या प्राण्याला सजावटीत मान मिळाला तो रेल्वेच्या जेवणाच्या डब्यात.

खरा पालट झाला तो महायुद्धानंतर, आणि मला वाटतं त्यात कलेपेक्षा वातानुकूलनाचा हात मोठा. 1940मध्ये टूसानची वस्ती सुमारे 36,000 होती. 1960मध्ये ती 2,13,000 झाली. आजूबाजूच्या वस्त्या शहरात ओढल्यानेही आकडा फुगला, हे खरं. पण थंडी टाळायला आलेल्या नव्या माणसांना उन्हापासून पळायला गार खोली होती. खिडकीतून बघितलं की वाळवंट सुंदर दिसतं. 1952मध्ये टूसानजवळ ॲरिझोना-सोनोरा डेझर्ट म्युझियम उघडलं आणि तिथे लोक इथल्याच जिवंत प्राण्यांना बघायला जाऊ लागले. त्याच वर्षी ॲरिझोनाने हीला मॉन्स्टर या विषारी सरड्याला कायद्याचं संरक्षण दिलं. उत्तर अमेरिकेत विषारी प्राण्याला असं संरक्षण मिळण्याची ही पहिलीच वेळ. दिसला की ठेचायचा प्राणी आता जपायचा झाला, आणि मग कौतुकाने रंगवायचाही.

गंमत म्हणजे त्याला रंगवायला तंत्र मिळालं ते त्याच जुन्या स्पेनचं. क्वेर्दा सेका, म्हणजे ‘कोरडी दोरी’. एकदा भाजलेल्या टाइलवर मँगनीज ऑक्साइड मिसळलेल्या तेलकट काळ्या द्रावाने चित्राच्या रेघा काढतात आणि मधल्या जागांत रबरी फुग्याच्या पिचकारीने झिलई सोडतात. झिलई पाण्यात कालवलेली, म्हणून ती रेघ ओलांडत नाही. भाताच्या खाचरात बांधाने पाणी अडावं तशी जागच्या जागी राहते. भट्टीत तेल जळून जातं, काळी रेघ उरते आणि रंग तिच्या दोन्ही बाजूंनी किंचित उंच बसतात. हीला मॉन्स्टरची मण्यामण्यांची नारिंगी-काळी कातडी या पद्धतीला जणू बेतून दिलेली: तिचा काळा भाग कुठे संपतो आणि रेघ कुठे सुरू होते, ते कळत नाही.

1980च्या दशकाने मधेच घोळ घातला. ‘साउथवेस्ट’ सजावटीची साथ आली, आणि गळ्यात रुमाल बांधून चंद्राकडे तोंड करून ओरडणारा, कोल्ह्यासारखा कोयोटी गुलाबी-फिरोजी रंगांत जिथे तिथे दिसू लागला. त्या कोयोटीत प्राणी औषधालाही नव्हता. चांगल्या कामात तो असतो. शेपटी ताठ करून पळणारा रोडरनर बघताना आपल्याला भारद्वाज आठवतो, आणि ते बरोबरच आहे, कारण दोघेही कोकिळेच्या कुळातले.

आता छापील टाइल स्वस्तात मिळते. तिच्यावरून बोट फिरवलं तर रेघ लागत नाही. विकणाऱ्यांना त्याची फिकीर नाही, आणि घेणाऱ्यांतल्या बऱ्याच जणांनाही नसावी.

या सगळ्या गोतावळ्यात विंचवाला मात्र लाव्याइतका भाव कधी मिळाला नाही. टाइलवर तो अधूनमधून दिसतो. पण फीनिक्समधली माणसं आजही रात्री अतिनील विजेरी घेऊन अंगणात त्याला शोधतात, आणि ते त्याचं चित्र काढायला नव्हे.