चॅप्लिगिन वायू

चॅप्लिगिन वायू हा विश्वाच्या त्वरणशील प्रसरणाचे स्पष्टीकरण देण्यासाठी वापरला जाणारा सैद्धान्तिक वायू आहे. रशियन शास्त्रज्ञ सेर्गेई चॅप्लिगिन यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी त्याचे समीकरण वायुगतिकीसाठी वापरले. दूरच्या अतिनवताऱ्यांच्या निरीक्षणांतून १९९८ मध्ये विश्वप्रसरणाचा वेग वाढत असल्याचे आढळले. २००१ मध्ये कामेन्श्चिक, मोशेला आणि पास्किए यांनी हे समीकरण विश्वरचनाशास्त्रात आणले.

दाब आणि प्रसरण

आतला दाब बाहेरच्यापेक्षा अधिक असल्याने फुगा ताणला जातो. विश्वात दाब सर्वत्र सारखा असल्यामुळे असा धक्का बसत नाही. सामान्य सापेक्षता सिद्धान्तानुसार दाबही गुरुत्वाकर्षण निर्माण करतो; म्हणून धन दाबाने प्रसरण मंदावते. दाब ऋण असून त्याचे परिमाण ऊर्जाघनतेच्या १/३ हून अधिक असल्यास प्रसरणाला त्वरण मिळते.

चॅप्लिगिन वायूचा ऋण दाब घनतेच्या व्यस्त प्रमाणात असतो. आरंभीच्या दाट विश्वात तो नगण्य असल्याने हा वायू कृष्णद्रव्यासारखा वागतो. विरळ झाल्यावर घनता जवळजवळ स्थिर होऊन तो कृष्ण ऊर्जेसारखा वागतो. दोन्हींसाठी एकच घटक पुरेल, हे या कल्पनेचे बलस्थान होय.

मर्यादा

या वायूतील ध्वनिवेग कालांतराने वाढतो. त्यामुळे दीर्घिका घडवणारे घनतेतील चढउतार निरीक्षणांशी जुळत नाहीत. सामान्यीकृत रूपेही वैश्विक स्थिरांकाच्या प्रतिमानाजवळ आल्यावरच जुळतात.

वऱ्हाडातील अभ्यास

१९८३ मध्ये स्थापन झालेल्या, अकोला जिल्हाही कार्यक्षेत्रात असलेल्या संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठाच्या गणित विभागातून बियांकी प्रतिमानांतील कृष्ण ऊर्जेवर संशोधन प्रकाशित झाले आहे. या प्रतिमानांत विश्व दिशेनुसार वेगवेगळ्या गतीने प्रसरण पावू शकते.