‘गजबजलेलं उपनगर’ मोजायचं कसं? घरशोधणीतून थोडी संशोधन पद्धती

पेट किंवा नेटची तयारी करताना संशोधन पद्धतीतलं सगळ्यात कंटाळवाणं प्रकरण कुठलं असं विचारलं, तर बरेच जण ‘कार्यात्मक व्याख्या’ असं सांगतील. पुस्तकात ती दोन ओळींत संपते: संकल्पना मोजता येईल अशा शब्दांत मांडणे म्हणजे कार्यात्मक व्याख्या. पाठ होते, पेपरात लिहिता येते, आणि स्वतःचा संशोधन आराखडा लिहायला बसलं की नेमकी तिथेच गाडी अडते. म्हणून आज उदाहरण प्रयोगशाळेतलं न घेता घरशोधणीचं घेतो.

माझी एक मैत्रीण चार वर्षं हिंजवडीत नोकरीला होती आणि वाकडला राहायची. नोकरी बदलली, नवं ऑफिस कल्याणीनगरला. रुजू व्हायला तीन आठवडे होते. तिची मागणी एका वाक्याची: “जिथे रात्री साडेनऊला खाली उतरलं तर रस्त्यावर माणसं दिसतील, अशा ठिकाणी घर पाहिजे.” वाकडला तिचं घर चांगलं होतं, पण सोसायटीच्या गेटबाहेर सर्व्हिस रोड आणि हायवे. साधी कोथिंबीर आणायची तर गाडी काढावी लागे. चार वर्षांत शेजारच्या फ्लॅटमधल्या माणसाचं नाव कळलं नव्हतं, हे ती हसत सांगायची, पण ते हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं. तेव्हा प्रश्न खरा होता, मुदत ठरलेली होती आणि अकरा महिन्यांचं भाडं त्यावर लागणार होतं. संशोधन प्रश्नाला आणखी काय लागतं?

आता ‘गजबजलेलं’ म्हणजे काय? पहिलं उत्तर मनात येतं ते गर्दी. पण गर्दी हा फसवा चल आहे. लक्ष्मी रोडला संध्याकाळी पाय ठेवायला जागा नसते, पण ती खरेदीची गर्दी आहे, रात्री शटर पडली की संपते. आयटी पार्कच्या बाहेर दुपारी एक वाजता टपऱ्यांवर झुंबड असते आणि रविवारी त्याच रस्त्यावर कुत्री झोपलेली असतात. गर्दी मोजली तर आकडा मिळेल, पण तो तिच्या प्रश्नाचं उत्तर असेलच असं नाही. यालाच वैधतेचा प्रश्न म्हणतात. मोजमाप अचूक आहे, पण भलत्याच गोष्टीचं आहे.

इथे दोन जुनी माणसं उपयोगी पडतात. जेन जेकब्स या अमेरिकन लेखिकेनं १९६१ मध्ये ‘द डेथ अँड लाइफ ऑफ ग्रेट अमेरिकन सिटीज’ हे पुस्तक लिहिलं. नगररचनेची पदवी नसलेली ही बाई न्यूयॉर्कमध्ये स्वतःच्या गल्लीचं निरीक्षण करत बसली आणि अख्ख्या नगररचनाशास्त्राला तिनं प्रश्न विचारले. रस्ता जिवंत राहायला तिच्या मते चार गोष्टी लागतात: घरं, दुकानं, कामाच्या जागा असे वेगवेगळे वापर एकत्र असणं, गल्ल्या आखूड असणं, जुन्या आणि नव्या इमारतींची सरमिसळ, आणि पुरेशी दाट वस्ती. यातली तिसरी अट मला सगळ्यात आवडते, कारण ती पटकन सुचत नाही. जुन्या इमारतीतल्या गाळ्याचं भाडं कमी असतं, म्हणून तिथे शिंपी, सायकल दुरुस्ती, पोळी-भाजी केंद्र, झेरॉक्सवाला टिकतो. नव्या इमारतीत तळमजल्याला ते भाडं फक्त बँक, मोबाईलचं शोरूम किंवा मोठा कॅफे भरू शकतो. कोथरूडमध्ये जुन्या सोसायट्यांचा पुनर्विकास जोरात चाललाय. या नजरेनं पाहिलं की लक्षात येतं, तिथे इमारतीबरोबर खालचा इस्त्रीवालाही हलतो.

दुसरा माणूस डॅनिश वास्तुरचनाकार यान गेल. १९७१ च्या पुस्तकात त्यानं घराबाहेरच्या हालचालींचे तीन प्रकार केले: कराव्याच लागणाऱ्या, मर्जीने केलेल्या, आणि इतर माणसांमुळे घडणाऱ्या. ऑफिसला जाणारा माणूस रस्ता कसाही असला तरी चालतो. पण कट्ट्यावर बसलेले आजोबा, शतपावली करणारं जोडपं, रस्ता बरा असेल तरच दिसतात. म्हणजे जाणारी माणसं मोजण्यापेक्षा थांबलेली माणसं मोजावीत. कार्यात्मक व्याख्या इथे तयार झाली: “ठरलेल्या ठिकाणी, ठरलेल्या वेळी, १५ मिनिटांत बसलेल्या, उभं राहून बोलणाऱ्या किंवा रेंगाळणाऱ्या माणसांची संख्या, आणि त्यात बायका किती.” हे शेवटचं तिनं घातलं. रात्री नऊनंतर एकटी बाई निवांत चहा पीत उभी दिसली, तर त्या रस्त्याबद्दल दुसरं काही विचारायला नको, असं तिचं म्हणणं. मला हे निकष म्हणून फार नेमकं वाटलं.

मग विमाननगर, औंध आणि कोथरूडची आयडियल कॉलनी-नळ स्टॉपची बाजू असे तीन भाग घेतले. प्रत्येकात एक कोपरा ठरवला आणि तीन वेळा: कामाच्या दिवशी सकाळी आठ, त्याच दिवशी रात्री साडेनऊ, आणि रविवारी सकाळी अकरा. वहीत काड्या मारायच्या, बस. हसू नका, सार्वजनिक जागांच्या अभ्यासात आजही हातानं मोजणी करतात. एकाच कोपऱ्यावर आम्ही दोघांनी वेगवेगळं मोजलं, तेव्हा पहिल्या खेपेला आकडे जुळले नाहीत, कारण रिक्षात बसून गिऱ्हाइकाची वाट पाहणारे रिक्षावाले मी धरत होतो आणि ती धरत नव्हती. नियम ठरवला (धरायचे), पुन्हा मोजलं, आकडे जवळ आले. विश्वसनीयतेचं प्रकरण संपलं.

नमुना कधी घेतला यालाही महत्त्व आहे. ब्रोकर घर दाखवतो ते दुपारी, तेव्हा सगळीच उपनगरं शांत आणि सज्जन असतात. पुण्यात ऋतूचाही भाग आहे. गणपतीच्या आधीचे काही आठवडे नदीकाठी ढोल-ताशा पथकांचा सराव चालतो. तेव्हा कर्वेनगरच्या बाजूला घर पाहायला गेलात तर भाग ‘जिवंत’ आहे याबद्दल शंकाच उरणार नाही. पण तो निष्कर्ष वर्षभराला लावता येणार नाही. आणि जिवंतपणाला किंमत असते ती आवाजाची. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. मोबाईलमधलं ॲप प्रमाणित नसतं, त्यामुळे त्याचा आकडा कुठे तक्रारीत लावू नका. पण एकाच फोननं दोन बेडरूमची तुलना करायला ते चालतं.

आता पैसे आणि प्रवास. इथे सिद्धांत नीटनेटका आहे. विल्यम अलोन्सो यांनी १९६४ मध्ये मांडलेल्या प्रतिमानानुसार, कामाच्या केंद्रापासून लांब गेलं की भाडं उतरतं आणि प्रवासखर्च चढतो. दोन्हींचा तोल साधून माणूस जागा निवडतो. समजा, ऑफिसजवळच्या घराचं भाडं २२,००० आणि प्रवास १५ मिनिटं. लांबच्या घराचं भाडं १७,००० आणि प्रवास ५० मिनिटं. फरक एका वेळी ३५, दिवसाला ७० मिनिटं. महिन्याचे २२ दिवस धरले तर १,५४० मिनिटं, म्हणजे साधारण २५.७ तास. रोज ६० रुपये जादा तिकीट धरलं तर १,३२० गेले. ५,००० मधून उरले ३,६८०. म्हणजे लांब राहून तुम्ही स्वतःचा तास सुमारे १४३ रुपयांना विकताय. हा भाव परवडतो का, हे ज्याचं त्यानं ठरवावं, पण आकडा डोळ्यांसमोर तरी असावा.

सिद्धांत खरा असेल तर लांबून येणाऱ्याला त्रासाची भरपाई कमी भाड्यातून किंवा जास्त पगारातून मिळायला हवी, आणि जवळचा-लांबचा दोघंही सारखेच समाधानी असायला हवेत. स्टुट्झर आणि फ्राय यांनी जर्मनीतल्या मोठ्या पॅनेल सर्वेक्षणावर हे तपासलं. २००८ च्या त्यांच्या लेखात दिसलं की लांब प्रवास करणारे कमी समाधानी होते. भरपाई पुरेशी होत नव्हती. याला त्यांनी प्रवासाचा विरोधाभास म्हटलं. हा लेख सगळीकडे उद्धृत होतो आणि बहुतेक जण इथेच थांबतात. पण ब्रिटनच्या पॅनेल डेटावर २०१४ मध्ये डिकरसन आणि सहकाऱ्यांनी काम केलं, तेव्हा एकूण लोकसंख्येत असा संबंध त्यांना सापडला नाही. त्याआधी २०११ मध्ये रॉबर्ट्स आणि सहकाऱ्यांना ब्रिटनच्याच डेटात प्रवासाचा मानसिक त्रास स्त्रियांमध्ये दिसला होता, पुरुषांमध्ये नाही. घर आणि मुलांची जबाबदारी बाईवर जास्त पडते, हे त्याचं एक संभाव्य कारण त्यांनी चर्चेत घेतलं. साहित्य आढावा लिहिताना पहिला गाजलेला लेख टाकून पुढे पळू नका असं मार्गदर्शक का सांगतात, ते इथे कळतं.

आणखी एक नेहमी फेकला जाणारा आकडा म्हणजे मार्केटी स्थिरांक. माणसं दिवसाला सरासरी तासभर प्रवास करतात, वाहनं वेगवान झाली की वेळ न वाचता शहर पसरतं, असं चेझारे मार्केटी यांनी १९९४ मध्ये झहावी यांच्या कामाच्या आधारे मांडलं. छान कल्पना आहे. पण ती समूहाची सरासरी आहे. “मला दिवसाला एक तास चालेल” असा निष्कर्ष त्यातून काढणं म्हणजे समूहावरून व्यक्तीवर उडी मारणं. नेटच्या पेपरात याला परिस्थितीकीय तर्कदोष म्हणतात.

मैत्रिणीनं सरासरीपेक्षा चढ-उताराकडे जास्त पाहिलं, आणि ते बरोबर होतं. औंधहून दुचाकीनं कल्याणीनगर तिनं वेगवेगळ्या वेळी चार वेळा करून पाहिलं: सगळ्यात कमी ३५ मिनिटं, सगळ्यात जास्त ७५. आयडियल कॉलनीहून मेट्रो थेट आहे, वनाझ-रामवाडी याच मार्गिकेवर दोन्ही स्थानकं येतात, गाडी बदलावी लागत नाही. दारापासून दारापर्यंत ४८ मिनिटं, आणि दर वेळी दोन-तीन मिनिटांचाच फरक. नकाशावर हे घर जास्त लांब वाटतं. पण सकाळी साडेनऊच्या मीटिंगला घरातून कधी निघायचं, याचं उत्तर सरासरी देत नाही, प्रमाण विचलन देतं.

इथपर्यंत सगळं गोड होतं. मग फोन सुरू झाले. “फॅमिली आहे का?” “लग्न झालंय?” “आडनाव काय?” तिनं शीटमध्ये नकारांसाठी वेगळा रकाना केला होता, आणि दुसऱ्या आठवड्यात तोच सगळ्यात भरलेला रकाना होता. बहुतेक ठिकाणी नकार असा येतच नाही. “ती जागा कालच गेली” असं येतं, आणि तीच जाहिरात पुढचे पाच दिवस दिसत राहते.

यावरचं भारतातलं महत्त्वाचं काम सुखदेव थोरात आणि सहकाऱ्यांचं आहे, २०१५ मध्ये ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’त आलेलं. दिल्ली आणि आसपासच्या शहरांत त्यांनी घरमालक आणि दलालांकडे घर मागणारे पाठवले. कोणी उच्चवर्णीय हिंदू, कोणी दलित, कोणी मुस्लिम. दलितांना उच्चवर्णीयांपेक्षा जास्त नकार आले, मुस्लिमांना सगळ्यात जास्त. शिवाय घर मिळालं तरी अटी आणि भाडं वेगळं. याला ऑडिट पद्धत म्हणतात. एक सोडून बाकी सगळं शक्य तितकं सारखं ठेवायचं, मग उत्तरातला फरक त्या एका गोष्टीला जोडता येतो. नुसती प्रश्नावली घेऊन “तुम्ही भेदभाव करता का?” असं घरमालकाला विचारलं असतं तर काय उत्तर आलं असतं, हे सांगायला नको.

अलोन्सोच्या प्रतिमानात प्रत्येकासमोर सगळी घरं खुली आहेत. प्रत्यक्षात प्रत्येकाची यादी वेगळ्या ठिकाणी कापलेली असते. तुम्ही पुढे कधी ‘कोण कुठे राहतं’ यावर डेटा घेतलात, तर लोक जिथे राहतात ती त्यांची आवड आहे असं धरू नका. नाकारलेली घरं त्या डेटात नसतात. आणि ही गळती यादृच्छिक नसते, आडनावानुसार बदलते.

वेळ संपत आली की थांबायचं कधी, हा प्रश्न येतो. पहिले ३७ टक्के पर्याय नुसते पाहायचे आणि मग त्यांच्याहून सरस असा पहिला घ्यायचा, हा गणितातला नियम प्रसिद्ध आहे. पण तो ‘सर्वोत्तम नाही तर काहीच नाही’ या गृहीतकावर उभा आहे. घर तसं नसतं, दुसऱ्या क्रमांकाचं घरही चालतं. हर्बर्ट सायमन यांचा मार्ग इथे बरा: किमान अटी आधी लिहून ठेवायच्या आणि त्या पुऱ्या करणारं पहिलं मिळालं की टोकन द्यायचं.

आयडियल कॉलनीजवळच्या एका जुन्या तीन मजली इमारतीत, लिफ्ट नसलेलं, घर मिळालं. खाली पिठाची गिरणी आहे. मालकीणबाई वरच्या मजल्यावर राहतात, त्यांनी एकच विचारलं, “पाणी सकाळी येतं, उठशील ना?” करार मात्र तोंडी ठेवू नका. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे तो लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो, आणि नोंदणीची जबाबदारी घरमालकाची असते. ते काम ऑनलाइन होतं; एजंट घरी येऊन अंगठ्याचे ठसे घेऊन जातो.

मोजणीचा तक्ता कसा आखला ते कोणाला हवं असेल तर सांगतो: डावीकडे वेळ, वरच्या ओळीत बसलेले, उभे, बायका, मुलं, आणि शेवटी एक मोकळा रकाना. त्या मोकळ्या रकान्यात तिनं आयडियल कॉलनीच्या रविवारी लिहिलं होतं: “भाजीवाल्या मावशींनी विचारलं, कसला सर्व्हे आहे. चहा पाजला.”