एका पिल्लाचे पाच दिवस

समजा तुम्ही मुळशी तालुक्यात, पौडच्या पुढे ताम्हिणी घाटाच्या वाटेवरील एखाद्या वाडीत राहता. आषाढातला पाऊस कोसळत आहे. तुमचे तीन महिन्यांचे कुत्र्याचे पिल्लू कालपर्यंत पडवीत बागडत होते. आज ते कोपऱ्यात अंग मुडपून पडले आहे. दूध-भाकरीला ते तोंड लावीत नाही. सकाळी दोनदा पिवळसर फेस ओकले आणि दुपारपासून त्याला पातळ, रक्तमिश्रित, अतिशय दुर्गंधी जुलाब सुरू झाले. घरातील थोर मंडळी म्हणतात, "काहीतरी वंगाळ खाल्लं असंल. उद्या होईल बरं."

उद्यापर्यंत थांबावे काय? मुळीच नाही. जंतांमुळे किंवा विषामुळेही अशी लक्षणे दिसू शकतात. परंतु पिल्लू लस न टोचलेले असेल, तर पहिला संशय 'पार्व्हो' या रोगाचा घ्यावा लागतो. उपचार न झालेली बहुसंख्य पिल्ले या रोगाने दगावतात, तीही दोन-चार दिवसांत. वेळेवर उपचार झाले तर मात्र बहुसंख्य पिल्ले वाचतात. गंमत अशी की, वाचवणारी मुख्य वस्तू म्हणजे पाणी आणि मीठ! ते कसे, हे आपण पाहू.

'पार्व्हस' या लॅटिन शब्दाचा अर्थ 'लहान'. या विषाणूचा व्यास सुमारे २५ नॅनोमीटर असतो. म्हणजे एक मिलिमीटर लांबीच्या रेषेवर असे ४०,००० विषाणू ओळीने बसतील. कुत्र्यांमधील हा रोग १९७८ साली जगाच्या लक्षात आला आणि अवघ्या दोन वर्षांत तो जगभर पसरला. भारतात त्याची नोंद १९८२ साली झाली. आजारी कुत्र्याच्या विष्ठेतून विषाणू बाहेर पडतो, मातीत महिनोन्‌महिने टिकतो आणि आपल्या वहाणांना चिकटून दुसऱ्या अंगणात जातो.

आता तो पोटात काय करतो ते पाहा. आतड्याच्या आतील पृष्ठभागावर मखमलीसारखे असंख्य सूक्ष्म उंचवटे असतात. अन्नरस व पाणी यांतूनच शोषले जाते. या उंचवट्यांवरील पेशी सतत झिजतात, आणि तळाशी तयार होणाऱ्या नव्या पेशी वर सरकून काही दिवसांत त्यांची जागा घेतात. पार्व्होचा विषाणू नेमका या तळाच्या, वेगाने विभागणाऱ्या पेशींवर हल्ला करतो. वरच्या पेशी झिजतच राहतात, पण खालून नव्या येत नाहीत. उंचवटे सपाट होतात, शोषण थांबते, आणि शरीरातले पाणी उलट आतड्यात झिरपू लागते. आतड्यातील जीवाणूंना रक्तात शिरायला वाट मिळते. हाडांच्या मगजातही हाच विषाणू घुसत असल्याने जीवाणूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी कमी पडतात.

या विषाणूला नष्ट करणारी, सर्वत्र मिळणारी गोळी नाही. (तयार प्रतिपिंडांच्या एका इंजेक्शनाला अमेरिकेत २०२३ साली सशर्त मान्यता मिळाली आहे.) पिल्लाचे शरीर चार-पाच दिवसांत स्वतःच प्रतिपिंडे तयार करू लागते आणि आतड्याचे अस्तर पुन्हा भरू लागते. प्रश्न एवढाच असतो की, तोपर्यंत पिल्लू जिवंत राहील काय? उपचार म्हणजे हे पाच दिवस मिळवून देणे होय.

पाच दिवस मिळवायचे, तर हिशेब मांडला पाहिजे. पिल्लाचे वजन ५ किलो आहे आणि त्याच्या शरीरातून वजनाच्या ८ टक्के पाणी गेले आहे, असे धरू. तूट झाली ४०० मिलिलिटर. रोजची गरज दर किलोमागे सुमारे ६० मिलिलिटर, म्हणजे ३००. शिवाय उलट्या-जुलाबांतून दिवसभरात आणखी २०० जातील असे समजू. एकूण ९०० मिलिलिटर पाणी २४ तासांत भरून काढायचे. तोंडाने दिले तर उलटून पडते, म्हणून पशुवैद्य ते शिरेतून देतात.

पण शिरेत नुसते पाणी चालत नाही. बटाट्याच्या दोन चकत्या घ्या. एक साध्या पाण्यात आणि दुसरी मिठाच्या दाट पाण्यात ठेवा. तासाभराने पहिली ताठ आणि दुसरी मऊ पडलेली दिसेल. पातळ पटलातून पाणी कमी क्षारांच्या द्रावणाकडून जास्त क्षारांच्या द्रावणाकडे जाते. यालाच परासरण म्हणतात. रक्तात नुसते पाणी सोडले तर तांबड्या पेशी फुगून फुटतील. म्हणून एक लिटर पाण्यात ९ ग्रॅम मीठ, म्हणजे ०.९ टक्के द्रावण वापरतात. तेच आपले सलाईन. पार्व्होत पोटॅशियमही घटते, तेव्हा डॉक्टर योग्य ते क्षार त्यात घालतात.

बाटली उंच का टांगतात? एक मीटर उंचीच्या पाण्याच्या स्तंभाचा दाब सुमारे ७४ मिलिमीटर पाऱ्याइतका असतो, तर शिरेतील रक्ताचा दाब त्याच्या मानाने अगदी थोडा असतो. म्हणून द्रव आत वाहतो. बाटली पिल्लाच्या खाली धरली, तर उलट रक्तच नळीत चढेल. नळीतून २० थेंबांना एक मिलिलिटर या प्रमाणात द्रव येत असेल, तर ९०० मिलिलिटर म्हणजे १८,००० थेंब. २४ तासांची मिनिटे १,४४०. म्हणजे मिनिटाला साडेबारा थेंब! प्रत्यक्षात डॉक्टर आरंभी वेग वाढवतात, पण हिशेबाची रीत हीच.

यात तुमचे काम काय? मानेवरची कातडी चिमटीत धरून सोडा. निरोगी पिल्लाची कातडी चटकन बसते, पाणी घटलेल्याची सावकाश. हिरडी बोटाने दाबून सोडा. पांढरी झालेली जागा दोन सेकंदांत पुन्हा गुलाबी व्हावयास हवी. रोज सकाळ-संध्याकाळ वजन करा. एका दिवसात घटलेला प्रत्येक ग्रॅम बहुतांशी एक मिलिलिटर पाणीच असते. हे आकडे तारीख-वेळेसह वहीत लिहून पशुवैद्यकीय दवाखान्यात दाखवा.

पिल्लाला कोरडे व उबदार ठेवा. लहान शरीराचे पृष्ठफळ वजनाच्या मानाने जास्त असल्याने त्याची उष्णता लवकर निघून जाते, आणि ओल्या अंगाने तर अधिकच. मुळशीच्या पावसाळ्यात जुनी गोधडीही औषधाइतकी मोलाची ठरते. माणसाच्या तापाच्या किंवा वेदनेच्या गोळ्या मात्र कदापि देऊ नका. त्यांतील काही कुत्र्यांना विषारी असतात. उलट्या आटोक्यात येऊ लागल्या की, डॉक्टरांच्या सल्ल्याने थोडे थोडे मऊ अन्न सुरू करावे. पूर्वी पुष्कळ उपाशी ठेवीत. परंतु २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात लवकर अन्न दिलेली पिल्ले लवकर सुधारलेली दिसली.

हा विषाणू माणसाला बाधत नाही, तरी हात साबणाने धुवा. घाण काढून टाकल्यावर फरशीवर एक भाग ब्लीचचे द्रावण व तीस भाग पाणी असे मिश्रण दहा मिनिटे राहू द्या. अंगणातली माती मात्र अशी शुद्ध होत नाही. म्हणून बिनलशीचे नवे पिल्लू काही महिने तेथे आणू नये.

पाचव्या दिवशी पिल्लू डोके उचलून शेपूट हलवील, तेव्हा तुम्हाला केवढा आनंद होईल! पण एवढ्यावर थांबू नका. शेजारच्या पिल्लांना सहा ते आठ आठवड्यांच्या वयात पहिली लस द्यावयास सांगा. आईकडून मिळालेली प्रतिपिंडे आरंभीची लस निष्फळ करू शकतात, म्हणून सोळा आठवड्यांचे वय होईपर्यंत दर तीन-चार आठवड्यांनी ती पुन्हा टोचावी लागते. अठरा हजार थेंब मोजण्यापेक्षा लशीच्या चार तारखा लक्षात ठेवणे कितीतरी सोपे आहे, नाही का?