प्रादेशिक नियोजन आणि बांधकाम व्यवसाय : यवतमाळ जिल्हा

शहर, त्याभोवतालची गावे, शेतजमीन, जलसाधने व दळणवळणाचे मार्ग यांचा एकत्रित विचार करून प्रदेशातील भूवापर आगाऊ ठरविण्याच्या प्रक्रियेस प्रादेशिक नियोजन म्हणतात. या प्रक्रियेत शासन व स्थानिक संस्था यांच्याबरोबरच घरे बांधणारे आणि भूखंड पाडून विकणारे व्यावसायिकही आपल्या संघटनांमार्फत भूमिका मांडतात. रस्ते, पाणी, रेल्वे यांसारख्या सोयी कोठे व केव्हा होणार यावर जमिनीचे मूल्य अवलंबून असल्याने या व्यवसायाला नियोजनात स्वाभाविकच रस असतो. मुंबई-पुण्याकडे हा प्रश्न मुख्यतः चटईक्षेत्र निर्देशांकाचा असतो. यवतमाळसारख्या कृषिप्रधान जिल्ह्यात तो शेतजमिनीचे बिगरशेतीत होणारे रूपांतर, अभिन्यास (लेआउट) व पाणीपुरवठा यांच्याशी अधिक निगडित आहे.

जिल्ह्याची पार्श्वभूमी : यवतमाळ जिल्ह्याचे क्षेत्रफळ सु. १३,५८० चौ. किमी. असून २०११ च्या जनगणनेनुसार लोकसंख्या २७,७२,३४८ होती. तीपैकी सुमारे एक पंचमांश लोक शहरी भागात राहत होते. यवतमाळ, पुसद, वणी, उमरखेड, दिग्रस, दारव्हा, पांढरकवडा ही येथील प्रमुख शहरे. कापसाचा व्यापार हा यवतमाळच्या वाढीचा जुना आधार होय, तर वणीच्या वाढीस कोळशाच्या खाणींची जोड मिळाली. जिल्ह्याच्या पूर्व भागातून जाणारा उत्तर-दक्षिण राष्ट्रीय महामार्ग आणि यवतमाळवरून जाणारा नागपूर-तुळजापूर महामार्ग यांमुळे शहरांबाहेरील रस्त्यांलगतच्या जमिनींना मागणी आली. यवतमाळला लागून असलेली वडगाव, लोहारा, वाघापूर, उमरसरा ही गावे २०११ च्या जनगणनेच्या वेळी नगरपरिषदेच्या हद्दीबाहेर होती. नंतरच्या हद्दवाढीत ती शहरात आली. म्हणजेच वस्ती आधी झाली व नगरपरिषदेची जबाबदारी मागाहून आली. लहान शहरांच्या वाढीचा हा क्रम महाराष्ट्रात इतरत्रही आढळतो.

कायदेशीर चौकट : राज्यातील नियोजनाचा मूलाधार म्हणजे महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६. धनंजयराव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालील समितीने मुंबई व पुणे परिसरांसाठी प्रादेशिक नियोजनाची शिफारस केली होती. तिच्या पाठोपाठ हा अधिनियम झाला. त्यानुसार संपूर्ण प्रदेशासाठी प्रादेशिक योजना आणि प्रत्येक शहरासाठी विकास योजना अशा दोन पातळ्या आहेत. दोन्हींचे प्रारूप प्रसिद्ध करून हरकती व सूचना मागविणे बंधनकारक असून अंतिम मंजुरी राज्य शासन देते. मंजुरीनंतरही योजनेत फेरबदल करता येतात. आरक्षित जमीन दहा वर्षांत संपादित न झाल्यास मालकास सूचना देता येते व त्यानंतरच्या विहित मुदतीतही कार्यवाही न झाल्यास आरक्षण व्यपगत होते. बाग, शाळा किंवा बाजार यांसाठी राखलेली जागा निधीअभावी हातची जाण्याचा धोका नगरपरिषदांना याच तरतुदीमुळे असतो.

१९९२ च्या चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने जिल्हा नियोजन समित्यांची तरतूद केली आणि १९९८ मध्ये महाराष्ट्राने त्यासंबंधी अधिनियम केला. ग्रामपंचायती व नगरपरिषदा यांच्या योजनांचा मेळ घालणे, पाणी व इतर नैसर्गिक साधनांची वाटणी ठरविणे हा या समितीचा घटनात्मक हेतू होय.

व्यावसायिकांच्या संघटना : बिल्डर्स असोसिएशन ऑफ इंडिया ही बांधकाम कंत्राटदारांची संस्था १९४१ मध्ये स्थापन झाली. स्थावर मालमत्ता क्षेत्रातील ‘नारेडको’ १९९८ मध्ये व ‘क्रेडाई’ हा विकासकांच्या संघटनांचा महासंघ १९९९ मध्ये अस्तित्वात आला. क्रेडाईची महाराष्ट्र शाखा राज्यातील अनेक शहरांच्या संघटनांना एकत्र आणते. शासनाला निवेदने देणे, प्रारूप नियमांवर सूचना करणे, सल्लागार समित्यांपुढे म्हणणे मांडणे ही त्यांची नेहमीची कार्यपद्धती होय.

प्रमुख मागण्या व त्यांचे फलित : परवानग्यांची संख्या कमी करावी, सर्व शहरांना एकच नियमावली असावी, शुल्के माफक असावीत आणि पायाभूत सोयी शासनाने वेळेत पुरवाव्यात, अशा स्वरूपाच्या या मागण्या असतात. त्यांपैकी काही मान्य झाल्या. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेत २०१४ व २०१७ मध्ये झालेल्या सुधारणांमुळे योजनेत दर्शविलेल्या वापरासाठी स्वतंत्र अकृषिक परवानगीची गरज उरली नाही. गावठाणाच्या हद्दीपासून २०० मी. आतील जमिनींनाही निवासी वापरासाठी तशीच सवलत मिळाली. २ डिसेंबर २०२० रोजी मंजूर झालेली एकत्रीकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली बृहन्मुंबई व काही विशेष क्षेत्रे वगळता राज्यभर लागू झाली. तिच्यामुळे यवतमाळसारख्या नगरपरिषदांतही अधिमूल्य भरून मिळणारे वाढीव चटईक्षेत्र व हस्तांतरणीय विकास हक्क यांचा मार्ग एकसारखा झाला. जानेवारी २०२१ मध्ये दीपक पारेख समितीच्या शिफारशीनुसार शासनाने बांधकाम अधिमूल्यात त्या वर्षाअखेरपर्यंत ५० टक्के सूट दिली. मात्र सवलत घेणाऱ्या विकासकाने ग्राहकाचे मुद्रांक शुल्क भरावे, अशी अट घातली.

या मागण्यांना सबळ कारणे आहेत. परवानगीस विलंब झाल्यास व्याजाचा भार घराच्या किंमतीत मिळविला जातो. नियम किचकट असल्यास अधिकृत अभिन्यास महाग पडतो आणि ग्राहक स्वस्त, परंतु अनधिकृत भूखंडाकडे वळतो. अशा भूखंडांचा प्रश्न इतका व्यापक झाला, की शासनास २००१ मध्ये गुंठेवारी विकासविषयक अधिनियम करावा लागला. त्यातील १ जानेवारी २००१ ही कालमर्यादा २०२१ च्या सुधारणेने ३१ डिसेंबर २०२० पर्यंत पुढे आणली गेली. वारंवार दिल्या जाणाऱ्या अशा मुभेमुळे नियम पाळणाऱ्या विकासकाचेही नुकसान होते.

पाण्याचा प्रश्न : सुलभीकरणाची मर्यादा यवतमाळ शहरात स्पष्ट दिसते. शहर पठारावर वसलेले असून त्याच्या पाणीपुरवठ्याची मदार दीर्घकाळ निळोणा व चापडोह या धरणांवर होती. २०१७ च्या अपुऱ्या पावसानंतर २०१८ च्या उन्हाळ्यात शहराला तीव्र पाणीटंचाई सोसावी लागली. बेंबळा प्रकल्पातून नळमार्गाने पाणी आणण्याची योजना केंद्राच्या ‘अमृत’ कार्यक्रमात घेण्यात आली. येथे बांधकाम परवानगी नगरपरिषद देते, तर पाणीपुरवठा महाराष्ट्र जीवन प्राधिकरणाकडे असतो. परिणामी अभिन्यास मंजूर होणे आणि त्या वस्तीस पाणी मिळणे या दोन स्वतंत्र गोष्टी ठरतात. नव्या वस्तीत नळ पोहोचेपर्यंत कूपनलिका व टँकर हेच आधार असतात आणि त्यांचा खर्च भूखंडाच्या किंमतीत दिसत नाही; तो पुढे रहिवाशाला सोसावा लागतो.

रेल्वे व अपेक्षामूल्य : मुर्तिजापूर-यवतमाळ हा अरुंदमापी लोहमार्ग कापसाच्या वाहतुकीसाठी सुरू झाला. ‘शकुंतला’ या नावाने परिचित असलेल्या या मार्गावरील गाड्या आता बंद आहेत. वर्धा-यवतमाळ-नांदेड हा सु. २८४ किमी. लांबीचा रुंदमापी मार्ग २००८-०९ मध्ये मंजूर झाला. त्यातील वर्धा-कळंब हा पहिला टप्पा २८ फेब्रुवारी २०२४ रोजी सुरू झाला. मंजुरी व प्रत्यक्ष वाहतूक यांत अशा प्रकारे सुमारे पंधरा वर्षांचे अंतर पडले. अशा काळात जमिनीला जे वाढीव मोल येते ते झालेल्या सोयीचे नसून अपेक्षित सोयीचे असते. आधी विकणाऱ्या शेतकऱ्याच्या वाट्यास त्याचा अल्प भाग येतो, तर शेवटी घेणारा ग्राहक संपूर्ण किंमत मोजूनही सोयीची वाट पाहत राहतो. १९९२ पासून आकारले जाणारे विकास शुल्क हे वाढीव मूल्याचा काही अंश सार्वजनिक कामांकडे वळविण्याचे एक साधन होय.

मूल्यमापन : स्थावर संपदा (विनियमन व विकास) अधिनियम, २०१६ अन्वये ५०० चौ. मी.पेक्षा मोठ्या किंवा आठांहून अधिक भूखंड अथवा सदनिका असलेल्या प्रकल्पाची विक्रीपूर्व नोंदणी आवश्यक झाली व ग्राहकास दाद मागण्याची सोय मिळाली. तथापि हे संरक्षण खरेदीच्या टप्प्यावरचे आहे. भूवापर ठरत असताना विकासक संघटितपणे बोलतो. जमीन विकणारा शेतकरी एकेकटा असतो, आणि पुढे राहावयास येणारा ग्राहक त्या वेळी अस्तित्वातच नसतो. योजनेचे प्रारूप, नकाशे व नियम मराठीत सुबोध रीतीने उपलब्ध करणे, ग्रामसभांत त्यांवर चर्चा घडविणे आणि अभिन्यासास मंजुरी देण्यापूर्वी पाण्याची हमी तपासणे हे यावरील व्यवहार्य उपाय होत. व्यावसायिकांच्या सूचनांमुळे नियमांतील अनावश्यक अडथळे दूर होऊ शकतात. परंतु कोणत्या भागात वस्ती व्हावी आणि तिच्यासाठी पाणी कोठून यावे हे प्रश्न जिल्ह्याच्या सर्व रहिवाशांचे असल्याने त्यांचा निर्णय लोकनियुक्त नियोजन संस्थांनीच करणे इष्ट ठरते.